पेशी वरच बसून राहतात, आत उतरतच नाहीत: तंतुमय स्कॅफोल्डचं समस्या निवारण

चौदाव्या दिवशी स्कॅफोल्ड, म्हणजे पेशी वाढवण्यासाठीचा सच्छिद्र सांगाडा, बाहेर काढला, गोठवला, उभा छेद घेतला, डॅपीने (पेशीचं केंद्रक निळं चमकवणाऱ्या रंगाने) रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वरच्या काठाला निळ्या ठिपक्यांची दाट रांग आणि तिच्याखाली नुसता काळोख. एक मिलिमीटर जाडीचा स्कॅफोल्ड, आणि पेशी आहेत फक्त वरच्या वीस-तीस मायक्रोमीटरमध्ये. बाकीचं घर रिकामं.

दरवर्षी नवे संशोधक विद्यार्थी हाच फोटो घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "ताई, पेशी खराब निघाल्या का?" बहुतेक वेळा पेशी उत्तम असतात. अलामार ब्लू किंवा एमटीटी या जिवंत पेशींचा अंदाज देणाऱ्या चाचण्यांचे आकडे रोज चढत असतात, म्हणून तर दोन आठवडे कुणाला शंकाही येत नाही. त्या चाचण्यांतून किती पेशी काम करताहेत एवढं कळतं, त्या कुठे बसल्या आहेत ते कळत नाही. पृष्ठभागावर पेशींची गच्च चादर पसरली तरी आकडा चढतोच.

हे सगळं लिहिते आहे ते पीसीएल, म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन हा पॉलिमर, इलेक्ट्रोस्पिन करून (विजेच्या दाबाने त्याचे तंतू काढून) त्यावर माणसाच्या त्वचेतले फायब्रोब्लास्ट (कोलॅजनचे तंतू बनवणाऱ्या पेशी) किंवा मेसेन्कायमल स्टेम सेल (मूळ पेशी) वाढवणाऱ्यांसाठी. पीएलए किंवा पीएलजीए हे पॉलिमर वापरत असाल तरी यातलं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल. मी तपासणी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने सांगते. पहिल्या दोन पायऱ्या स्वस्त आहेत आणि निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात, म्हणून हा क्रम मोडू नका.

मुळात ही गाळणी आहे

सुईच्या टोकाशी पॉलिमरच्या द्रावणाचा थेंब, त्याला दहा-वीस किलोव्होल्टचा विद्युतदाब, समोर धातूचा कलेक्टर. थेंब ताणला जाऊन शंकू होतो, शंकूच्या टोकातून धार सुटते, धार हवेत भोवऱ्यासारखी फिरत बारीक होते, द्रावक उडून जातो आणि कोरडा तंतू कलेक्टरवर पडतो. त्या शंकूचं गणित जेफ्री टेलर यांनी १९६४ साली मांडलं, म्हणून तो टेलर शंकू. तंत्र त्याहून जुनं आहे. अँटोन फॉर्महाल्स यांना १९३४ साली त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं, तेही कृत्रिम धागे बनवण्यासाठी. मात्र या जाळ्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो सोव्हिएत संघात, १९३०च्या दशकाच्या अखेरीस, गॅस मास्कच्या गाळण्यांमध्ये. पेट्रियानोव गाळणी म्हणतात ती हीच. हवा आरपार जावी आणि बारीक कण अडकावेत, यासाठी हे जाळं उत्तम ठरलं.

ही गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगते. जे जाळं कण अडवण्यात पटाईत आहे, त्याच्यावर आपण दहा-वीस मायक्रोमीटरच्या पेशी ओततो आणि त्या आत जातील अशी अपेक्षा धरतो. त्या वर अडकल्या तर जाळं बिघडलेलं नाही. ते आपलं मूळचं काम करतंय.

अडचण आपल्याच ध्येयातून येते. शरीरातले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू काही दहा ते काही शंभर नॅनोमीटर जाडीचे असतात, म्हणून आपलेही तंतू तितकेच बारीक हवेत असं सगळे शिकतात. पण तंतू बारीक झाला की छिद्रही बारीक होतं. सच्छिद्रता तेवढीच ठेवली, तर छिद्राचा सरासरी आकार तंतूच्या व्यासाबरोबर वाढतो आणि घटतो. पाचशे नॅनोमीटरच्या तंतूंची दाट मॅट घेतली तर तिच्यातली छिद्रं जेमतेम एक-दोन मायक्रोमीटरची असतात. "सच्छिद्रता ९० टक्के आहे" हे वाक्य अहवालात छान दिसतं, पण दहा टक्के घन भाग अगदी बारीक तंतूंमध्ये वाटला गेला असेल तर उरलेली ९० टक्के पोकळीही तितक्याच बारीक फटींमध्ये वाटली जाते. सच्छिद्रता आणि छिद्राचा आकार हे दोन वेगळे आकडे आहेत. दोन्ही मोजा, दोन्ही लिहा.

शरीरात मग पेशी कोलॅजनमधून कशा फिरतात? एक तर त्या वाट कापतात, म्हणजे प्रथिनं तोडणारी विकरं सोडतात. दुसरं म्हणजे ते तंतू सरकतात, वाकतात, बाजूला होतात. पीसीएलवर ती विकरं चालत नाहीत. त्याचं विघटन पाण्यामुळे होतं आणि त्याला महिने नव्हे तर वर्षं लागतात. शिवाय तंतू एकमेकांवर ओलसर पडले असतील तर प्रत्येक छेदनबिंदूवर चिकटून बसतात, मग सरकायचा प्रश्नच उरत नाही.

पेशीचं शरीर लवचीक असतं, ती चिंचोळ्या फटीतून हात-पाय घालू शकते. अडतं ते केंद्रक. २०१३ साली कॅटरिना वोल्फ आणि पीटर फ्रिडल यांच्या गटाने दाखवलं की कोलॅजनच्या जाळ्यात विकरं बंद पाडली, तर कर्करोगाच्या पेशींचं सरकणं सुमारे ७ चौरस मायक्रोमीटरच्या छिद्राशी येऊन थांबतं. केंद्रकाच्या छेदाच्या साधारण दहा टक्के. यावर कुणी म्हणेल, मग तीन-चार मायक्रोमीटरची छिद्रं पुरेशी झाली. एका दारातून अंग चोरून जाणं वेगळं, आणि ओळीने शंभर दारं ओलांडणं वेगळं. वर पसरायला मोकळं अंगण असताना फायब्रोब्लास्ट त्या दारांच्या वाटेला जात नाही.

आधी छेदाची खात्री करा

चित्र खरं आहे का, हे आधी पाहा. बऱ्याचदा दोष छेद घेण्याच्या पद्धतीत सापडतो.

पीसीएल मेणात बसवू नका. ते साधारण ६० अंशांना वितळतं, आणि मेणही त्याच्याच आसपासच्या तापमानाला ओततात. त्याआधी वापरतात त्या झायलीन या द्रावकातही ते फुगतं, विरघळू लागतं. रुग्णालयातल्या पॅथॉलॉजी विभागाकडे नमुना नेहमीच्या पद्धतीने दिलात तर परत येतो तो चुरगळलेला थर, आणि त्यात पेशी खोलवर गेल्यासारख्या दिसतात, कारण स्कॅफोल्डच आकसून गेलेला असतो. म्हणून गोठवलेलेच छेद घ्या. आधी सुक्रोजच्या द्रावणात ठेवा, मग ओसीटीमध्ये (गोठवण्यासाठीच्या दाट द्रावणात) रात्रभर, जमलं तर हलक्या व्हॅक्यूमखाली, म्हणजे ओसीटी मधल्या भागापर्यंत पोहोचतं. पीसीएलचं काचेसारखं कडक होण्याचं तापमान उणे ६० अंशांच्या आसपास आहे. क्रायोस्टॅटच्या (गोठवून छेद घेणाऱ्या यंत्राच्या) उणे २०-२५ अंशांनाही ते रबरासारखंच राहतं, पात्याबरोबर ओढलं जातं, गुंडाळतं. दहा मायक्रोमीटरचा हट्ट सोडून वीस-तीसचा छेद घेतलात तर त्रास पुष्कळ कमी होतो.

पातं कोणत्या दिशेने येतं याकडेही लक्ष द्या. पेशींच्या बाजूने पातं आत शिरलं तर ते पेशींना आत ओढत नेतं, आणि आपण त्यालाच "शिरकाव" समजून बसतो. ठोकळा असा फिरवा की पातं रिकाम्या बाजूने पेशींच्या बाजूकडे जाईल, किंवा आडवं जाईल.

कॉनफोकलवर (छेद न घेता खोलवरची चित्रं काढणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) भिस्त ठेवणाऱ्यांसाठी: पांढरं, अपारदर्शक पीसीएल प्रकाश विखुरतं. खालचा भाग काळा दिसतो तो पेशी नसल्यामुळे, की तिथवर प्रकाशच न पोहोचल्यामुळे, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्या दिवसाचा नमुना. पेशी पेरल्यावर चोवीस तासांनी एक स्कॅफोल्ड स्थिर करून बाजूला ठेवा, आणि चौदाव्या दिवसाच्या नमुन्याबरोबरच त्याचा छेद घ्या. पेरतानाच पेशी किती खोल गेल्या आणि नंतर स्वतः किती चालल्या, हा फरक या एका नमुन्याशिवाय कळत नाही. पेशी वाढवायच्या थाळीतल्या एका कप्प्याची बचत करण्यासाठी तो गाळणारे मी दरवर्षी पाहते, आणि पुढचे दोन महिने ते अंदाजात घालवतात.

स्कॅफोल्ड आतून भिजला आहे का?

छेद ठीक असेल तर पुढची शंका हवेवर. पीसीएलला मुळातच पाण्याचं वावडं. त्यात तंतूंच्या खडबडीत मॅटवर पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो, स्पर्शकोन १२० अंशांच्या वर जातो. मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) ओतल्यावर स्कॅफोल्ड तरंगत असेल तर आत हवा आहे हे उघड आहे. पण बुडाला म्हणून भिजला, असं होत नाही.

यासाठी तराजू पुरतो. माझ्या वहीतलं उदाहरण देते. दहा मिलिमीटर व्यासाची, एक मिलिमीटर जाडीची चकती. आकारमान ७८.५ घन मिलिमीटर. कोरडं वजन १० मिलिग्रॅम. पीसीएलची घनता १.१४५ धरली तर घन भाग ८.७ घन मिलिमीटर, म्हणजे सच्छिद्रता सुमारे ८९ टक्के आणि पोकळी साधारण ७० मायक्रोलिटर. चकती पूर्ण भिजली तर वजन ७० मिलिग्रॅमने वाढायला हवं. माझं वाढलं होतं ३०. म्हणजे निम्म्याहून जास्त जागेत हवा भरलेली, आणि मी त्या हवेत पेशी चालत जाण्याची वाट पाहत होते. (जाडी मोजताना मायक्रोमीटर स्क्रूने चकती चेपू नका, दोन काचपट्ट्यांमध्ये हलकेच ठेवून कडेने सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. वजन घेताना बाहेरचं पाणी टिपून घ्या.)

उपाय सोपा आहे. चकत्या ७० टक्के इथेनॉलमध्ये बुडवून डेसिकेटरमध्ये हलकं व्हॅक्यूम द्या. बुडबुडे निघताना दिसतील. ते थांबले की व्हॅक्यूम हळूहळू सोडा. त्याच इथेनॉलने निर्जंतुकीकरणही होतं. ऑटोक्लेव्हचा विचार मनातही आणू नका, १२१ अंशांना पीसीएलची चकती उरत नाही, थेंब उरतो. यूव्ही फक्त वरचा थर साफ करतं. इथेनॉलनंतर पीबीएस (खारं बफर द्रावण) तीन-चार वेळा बदला आणि मधे एकदाही चकती वाळू देऊ नका. वाळताना पाणी तंतूंना एकमेकांकडे ओढतं, जाळं बसतं आणि मिळवलेली जागा जाते.

प्लाझ्मा किंवा सोडियम हायड्रॉक्साइडने पृष्ठभाग पाणीप्रेमी करता येतो आणि पेशी अधिक चांगल्या चिकटतात. पण जाड मॅटमध्ये प्लाझ्माचा परिणाम फार खोल जात नाही आणि दिवसांगणिक ओसरतो. पातळ मॅटसाठी जरूर वापरा. जाड मॅटमध्ये मला व्हॅक्यूमचा भरवसा जास्त वाटतो.

आता छिद्रं

चकती भिजलेली आहे, छेद बरोबर आहे, आणि तरीही पेशी वरच आहेत, तर मॅट बदलावी लागेल. इथेच खरी मेहनत आहे.

छिद्र मोजण्यासाठी एसईएमने (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने) वरून काढलेल्या चित्रावर विसंबू नका. त्यात वरचे दोन-तीन थर दिसतात आणि डोळा नेमकी मोठी भोकं टिपतो. पाऱ्याचं पोरोसिमीटर (पारा दाबून छिद्रं मोजणारं यंत्र) मिळालं तर चांगलंच, पण पाऱ्याच्या दाबाखाली मऊ मॅट चेपते हे ध्यानात ठेवून आकडा वाचा. काहीच हाताशी नसेल तर दहा मायक्रोमीटरचे चमकणारे पॉलिस्टायरीनचे मणी पाण्यात कालवून भिजलेल्या चकतीवर ओता आणि छेदात ते कुठवर गेले ते पाहा. निर्जीव मणी जिथे अडला, तिथे पेशीलाही अंग चोरूनच जावं लागणार.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे तंतू जाड करणं. द्रावणाची तीव्रता वाढवा, प्रवाह वाढवा, आणि दोन-चार मायक्रोमीटरचे तंतू काढा. २००६ साली राइस विद्यापीठात फॅम, शर्मा आणि मिकोस यांनी पीसीएलचे २ ते १० मायक्रोमीटरचे तंतू काढून दाखवलं की व्यासाबरोबर छिद्रंही मोठी होतात. त्यांनी जाड तंतूंच्या थरांमध्ये नॅनोतंतूंचे पातळ थर घातले. पेशींना चिकटायला बारीक तंतू आणि फिरायला मोठी भोकं, असा तो विचार. पण नॅनोतंतूंचा थर जाड होत गेला तसा पेशींचा शिरकाव कमी होत गेला. म्हणजे गाळणी परत आली. तरीही "नॅनो" हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकात हवा म्हणून जाड तंतू नाकारणाऱ्यांना मी कळकळीने सांगते: पेशीने तुमचं शीर्षक वाचलेलं नाही. तिला जागा द्या.

दुसरा उपाय, आणि मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला, बळी देण्याच्या तंतूंचा. फिरत्या दंडाच्या (गोल फिरणाऱ्या कलेक्टरच्या) एका बाजूने पीसीएल, दुसऱ्या बाजूने पीईओ, म्हणजे पॉलिइथिलीन ऑक्साइड, एकाच वेळी सोडायचं. पीईओ पाण्यात विरघळतं. भिजवलं की ते तंतू निघून जातात, त्यांची जागा मोकळी राहते आणि उरलेले पीसीएलचे तंतूही थोडे सैल होतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ब्रेंडन बेकर, रॉबर्ट मॉक आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हे नीट मांडलं. पीईओ थोडं घातलं तर फरक दिसत नाही, फार घातलं तर मॅट ओल्या टिश्यू पेपरसारखी हातात येते. मी निम्म्या-निम्म्यापासून सुरुवात करते. दोन्ही धारा खरोखर मिसळताहेत का हे तपासायला धुण्याआधीचं आणि नंतरचं कोरडं वजन घ्या (त्यासाठी वेगळा तुकडा ठेवा, पेशींसाठीचा वाळवू नका). निम्मं पीईओ घातलं असेल आणि वजन फक्त २० टक्क्यांनी घटलं, तर एक सुई अधूनमधून बंद पडत होती असं समजा.

मिठाचे खडे तंतूंबरोबर पाडून नंतर धुऊन काढण्याची पद्धतही आहे. भोकं मोठी मिळतात, पण मिठाचा थर जिथे दाट पडतो तिथे मॅट दोन फाकांत सुटते. मी सोडून दिली.

गार केलेल्या कलेक्टरची पद्धत मला फार आवडते. दंडात कोरडा बर्फ भरायचा. हवेतली वाफ त्याच्यावर हिमकण होऊन बसते आणि तंतू हिमकणांच्या भोवती साचत जातात. मग वितळू न देता थेट फ्रीझ ड्राय, म्हणजे व्हॅक्यूममध्ये बर्फाची थेट वाफ करून वाळवणं. झुरिकच्या ईटीएचमधल्या गटाने २००७ साली हे दाखवलं होतं. एरवी पावसाळ्यातली दमट हवा आपल्या मुळावर येते; इथे तीच हवा भोकं घडवते. मात्र हिमकणांचा आकार आर्द्रतेप्रमाणे बदलतो, त्यामुळे बंद पेटीत आर्द्रता स्थिर ठेवल्याशिवाय आजची मॅट उद्या जुळत नाही.

कलेक्टरचा आकारच बदलणं हा आणखी एक मार्ग. अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम इथल्या गटाने २०११ साली सपाट पत्र्याऐवजी वाटीच्या आत धातूच्या काड्या बसवल्या आणि त्या काड्यांमध्ये तंतू हवेत तरंगत साचवले. मिळाला तो चेपलेला कागद नव्हता, कापसाचा पुंजका होता. ज्यांनी दारात पिंजारी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. जुन्या गादीतला कापूस तोच असतो, वजनही तेच, पण वर्षानुवर्षं चेपून त्याची ढेकळं झालेली असतात. धनुकलीखाली तो पिंजला की तिप्पट फुगतो, कारण तंतूंच्या मधे पुन्हा हवा शिरते. आपल्या मॅटलाही पिंजणाऱ्याचीच गरज आहे. आम्ही अर्ध्या कापलेल्या प्लॅस्टिकच्या चेंडूत आतून टाचण्या टोचून त्या सगळ्या एका तारेने जोडल्या आणि जमिनीशी जोडलं. पहिल्या दिवशी पुंजका इतका हलका आला की पंख्याच्या वाऱ्याने उडाला. ओला केल्यावर तो बसतो, म्हणून त्याला कोलॅजनच्या किंवा जिलेटिनच्या विरळ द्रावणाचा आधार द्यावा लागतो.

तयार मॅटला वायूने फुगवण्याची रीत नेब्रास्कातल्या गटाने पुढे नेली. मॅट सोडियम बोरोहायड्राइडच्या द्रावणात बुडवायची. आत हायड्रोजनचे बुडबुडे तयार होतात आणि थर सुटे होतात. दिसायला अप्रतिम, थेट चिरोट्यासारखे पापुद्रे. पण चिरोट्याचीच मर्यादा त्यालाही आहे: पापुद्र्यांच्या मधे जागा झाली तरी प्रत्येक पापुद्रा आतून बंदच राहतो. पेशी कडेने शिरतात, वरून नाही. म्हणून पेशी कडेने पेरा, किंवा आधी उभी भोकं पाडून मग फुगवा. आणि हायड्रोजन निघतो हे विसरू नका: हूडमध्ये, ज्वाला-ठिणगीपासून दूर.

ठिणगीवरून आठवलं. काही जण तंतू इथेनॉलच्या भांड्यात गोळा करतात, त्यानेही मॅट सैल मिळते. पण उच्च विद्युतदाब आणि इथेनॉलची वाफ एका पेटीत म्हणजे आगीला आमंत्रण. पाण्यात थोडं सर्फॅक्टंट घालून काम भागत असेल तर इथेनॉल वापरू नका. वीज बंद केल्यावरही सुईला हात लावण्याआधी जमिनीशी जोडलेल्या दांडीने ती स्पर्शून घ्या. मी एकदा घाई केली आणि कोपरापर्यंत हात बधिर झाला होता.

ज्यांना छिद्रं ठरवून हवी आहेत त्यांच्यासाठी मेल्ट इलेक्ट्रोरायटिंग आहे. ब्राउन, डाल्टन आणि हुटमाखर यांनी २०११ साली ब्रिस्बेनमधून ते मांडलं. द्रावक नाही, वितळलेल्या पीसीएलची धार हव्या त्या रेघेवर पडते. तिथे तक्रार उलटी येते: शंभर-दोनशे मायक्रोमीटरच्या चौकटींतून पेशी सरळ खाली गळतात. चौकटीत मऊ जेल भरलं की त्या थांबतात.

पेरणीत केलेल्या चुका

मॅट सुधारली तरी पेरणी चुकली तर सगळं पाण्यात. माझी स्वतःची सगळ्यात महागडी चूक इथली आहे. आत पेशी नाहीत म्हणून मी त्या दुप्पट घातल्या. तरी नाहीत, म्हणून चौपट. वर इतकी जाड चादर तयार झाली की दहाव्या दिवशी ती अख्खी सुटून पेट्रीडिशमध्ये गुंडाळी होऊन पडली. पेशी एकमेकींना चिकटल्या की वरचं तोंड त्याच बंद करतात. जास्त पेशी घालणं म्हणजे झाकण लवकर लावणं. आता मी कमी पेशी घालते आणि त्या वेगळ्या रीतीने घालते.

भिजलेल्या चकतीच्या कडेला निर्जंतुक टिपकागद क्षणभर टेकवायचा. पूर्ण वाळवायचं नाही, थोडं पाणी खेचून घ्यायचं. मग पोकळीइतक्याच आकारमानात, म्हणजे वर सांगितलेल्या चकतीला पन्नास-साठ मायक्रोलिटरमध्ये, पेशी कालवून थेंब थेंब सोडायच्या. रिकामी झालेली छिद्रं तो थेंब स्वतः शोषून घेतात आणि पेशी पाण्याच्या ओढीने आत जातात. दीड-दोन तास इनक्युबेटरमध्ये ठेवून, चकती उलटी करून दुसऱ्या बाजूने पुन्हा तसंच, आणि मग मीडिया. कप्प्याच्या तळाला आधी अगारोजचा थर द्या, नाहीतर निसटलेल्या पेशी प्लॅस्टिकवर घर करतात आणि तुमचा अलामार ब्लू त्यांनाही मोजतो. चाचणीच्या दिवशी चकती नव्या कप्प्यात हलवून मगच वाचन घ्या.

जाड स्कॅफोल्ड हवाच असेल तर पन्नास मायक्रोमीटरच्या पातळ मॅट करा, प्रत्येकीवर पेशी पेरा आणि दुसऱ्या दिवशी एकीवर एक रचा. किंवा पिट्सबर्गमध्ये स्टँकस आणि वॅगनर यांच्या गटाने २००६ साली केलं तसं, तंतू पडत असतानाच पेशींचा फवारा मारा. फवाऱ्याला कौशल्य लागतं. थर रचणं पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करू शकतो.

आत गेल्या आणि मेल्या, हेही होतं. सातव्या दिवशी मध्यभागी केंद्रकं आहेत, एकविसाव्या दिवशी नाहीत किंवा आकसून तुटकी झाली आहेत, तर दोष छिद्रांचा नाही, प्राणवायूचा आहे. शरीरात पेशी केशवाहिनीपासून साधारण शंभर-दोनशे मायक्रोमीटरच्या आत राहतात. एक मिलिमीटरच्या चकतीचं मधलं अंग दोन्ही बाजूंनी अर्धा मिलिमीटर दूर असतं. तिथे मीडिया ढकलून आरपार नेणारा परफ्यूजन कक्ष लागतो. शेकर ठेवून भागत नाही. मधला भाग मेलेला आणि त्याच्या बाहेर जिवंत कडं दिसत असेल तर मॅटच्या मागे लागू नका.

जूनमध्ये बदललेलं सगळं

"मे महिन्यात नीट चाललेली पद्धत जुलैमध्ये बिघडली," ही तक्रार मुंबई-पुण्यात दर पावसाळ्यात ठरलेली. डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म उडताना धार गार पडते, हवेतलं पाणी तिच्यावर जमतं आणि तंतूच्या अंगावर खड्डे पडतात. पीईओ तर दमट हवेत वाळतच नाही. तंतू चिकट पडतात, एकमेकांत वितळल्यासारखे जुळतात आणि बळी द्यायचे तंतू पीसीएलला घट्ट धरून बसतात. धुतल्यावर मोकळी जाळी मिळत नाही, चिकटलेल्या दोऱ्यांचा थर मिळतो. एसईएममध्ये छेदनबिंदूकडे बघा: तंतू एकमेकांवरून गेलेले दिसतात की एकमेकांत मिसळलेले?

अ‍ॅक्रिलिकची बंद पेटी, आत वाळवलेलं सिलिका जेल, आणि बाहेर खोलीत डीह्युमिडिफायर, एवढ्यात बहुतेक भागतं. पेटी बंद केली तरी द्रावकाच्या वाफा बाहेर ओढायची सोय हवीच. पेटीत स्वस्तातला का होईना, आर्द्रतामापक ठेवा आणि प्रत्येक नोंदीत आकडा लिहा. आमच्या वहीत तो रकाना नव्हता तोवर आम्ही दोन पावसाळे पॉलिमरच्या पुरवठादाराला दोष देत होतो. आणि दमट दिवसांत द्रावक मॅटमध्ये जास्त उरतो, म्हणून व्हॅक्यूममध्ये किमान दोन दिवस वाळवल्याशिवाय पेशी घालू नका. उरलेला डीएमएफसारखा द्रावक पेशींना मारतो आणि ते पहिल्याच दिवशी दिसतं.

मला मदतीसाठी लिहाल तेव्हा चौदाव्या दिवसाच्या फोटोबरोबर आणखी तीन गोष्टी पाठवा: पहिल्या दिवसाच्या नमुन्याचा छेद, चकतीचं कोरडं आणि ओलं वजन, आणि मॅट काढली त्या दिवशीची आर्द्रता. तंतूंचा व्यास माहीत असेल तर तोही. पेशींची बॅच कितवी होती ते सगळ्यात शेवटी विचारीन.